मावशीचा एकवीस हजारांचा दाखला आणि मॉरिशसचं पेन्शन

माझी मावशी ६८ वर्षांची आहे. कोकणातल्या एका गावात एकटी राहते. काका जाऊन नऊ वर्षं झाली. घर स्वतःचं, चार कलमं हापूसची, परसात थोडाफार भाजीपाला आणि मुलगा मुंबईहून पाठवेल ते. मुलाचं रेशनकार्ड वेगळं, त्याचाही संसार ओढाताणीचाच. म्हणून तिला श्रावणबाळ योजनेचं पेन्शन मिळतं का बघू म्हटलं आणि दोन दिवस रजा टाकून गावी गेलो.

दारिद्र्यरेषेच्या यादीत तिचं नाव नाही. ती यादी बनली तेव्हा काका हयात होते, बऱ्यापैकी कमावत होते. यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. वर्षाला २१ हजार, म्हणजे महिन्याला १,७५०, म्हणजे दिवसाला ५७ रुपये. आजच्या बाजारात ५७ रुपयांत कोण दिवस काढतं? पण ऑफिसातला माणूस मला बाजूला घेऊन अगदी आपुलकीने म्हणाला, "साहेब, एकवीसच्या आत बसवा. बावीस लिहिलंत तर फाईल इथेच संपली." त्याचा काही स्वार्थ नव्हता. तो मदतच करत होता.

आम्ही बसवलं. मावशीने स्वयंघोषणापत्रावर सही केली. ज्या बाईने आयुष्यात दुकानदाराचे दोन रुपये बुडवले नाहीत, तिच्याकडून सरकारने सत्तरीच्या उंबरठ्यावर एक खोटा आकडा लिहून घेतला.

पेन्शन सुरू झालं. महिन्याला १,५००. सात महिने आलं आणि मग बंद पडलं. चार महिने काहीच नाही. कोणाचा फोन नाही, कागद नाही. शेवटी कळलं की आधार आणि बँक खात्याच्या जोडणीत काहीतरी अडकलं होतं. पण ते कळेपर्यंत मावशी एकच विचारत होती, "आपण खोटं लिहून दिलं ना, म्हणून तर बंद नसेल केलं?"

हा प्रश्न डोक्यातून जाईना. मग मी एका जुन्या आवडीच्या विषयाकडे परत वळलो. मॉरिशसचा विषय. तुम्ही म्हणाल, मावशीच्या दाखल्याचा आणि मॉरिशसचा काय संबंध? संबंध आहे. तिथे साठी उलटलेल्या माणसाला हा दाखला अनेक दशकं कोणी मागितलेलाच नाही.

आधी त्या देशाची ओळख. आपल्याला मॉरिशस माहीत असतं ते हनिमून पॅकेजमधलं आणि सिनेमातल्या गाण्यांमधलं. प्रत्यक्षात तो हिंदी महासागरातला जेमतेम २,००० चौरस किलोमीटरचा देश आहे. गोवा ३,७०० चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे मॉरिशस गोव्याच्या अर्ध्याहून थोडा मोठा. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, तीही गोव्यापेक्षा कमी. १८३४ पासून तिथे उसाच्या मळ्यांवर राबायला भारतातून गिरमिटिये नेले गेले. बहुसंख्य भोजपुरी पट्ट्यातले, काही तमिळ, तेलुगू आणि काही आपले मराठी, त्यातले बरेचसे कोकणातले. आज तिथे मराठी समाज टक्केवारीत फार लहान आहे, पण शाळेत मराठी हा विषय घेता येतो आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. म्हणजे माझ्या मावशीच्या पणजोबाच्या शेजारचा कोणी त्या जहाजात चढला असेल, तर त्याची पणती आज कुठल्या नियमाखाली म्हातारी होतेय, हा प्रश्न अगदीच परका नाही.

आता मूळ मुद्दा.

मॉरिशसमध्ये १९५० साली वृद्धांसाठी पेन्शन सुरू झालं. तेव्हा इंग्रजांची वसाहत होती. हे पेन्शन आपल्यासारखंच होतं, उत्पन्न तपासून द्यायचं. कोण गरीब, किती गरीब, मुलगा सांभाळतो का, गाय आहे का, सगळं बघायचं. आठ वर्षांत, १९५८ साली, ही तपासणी काढून टाकली. नियम एका ओळीचा झाला. ठरलेलं वय झालं आणि देशात ठरलेली वर्षं राहिलात की पेन्शन. मळ्याचा मजूर असो की मळ्याचा मालक.

लक्षात घ्या, १९५८ मध्ये मॉरिशस श्रीमंत नव्हता. उसाशिवाय दुसरं पीक नव्हतं. लोकसंख्या वर्षाला सुमारे तीन टक्क्यांनी वाढत होती. १९६० मध्ये लागोपाठ दोन महिन्यांत ॲलिक्स आणि कॅरल ही दोन चक्रीवादळं आली, हजारो घरं जमीनदोस्त झाली. त्याच सुमारास ब्रिटनमधून दोन अभ्यासगट आले. एकाचे प्रमुख अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड, ज्यांना पुढे १९७७ मध्ये नोबेल मिळालं. दुसऱ्याचे प्रमुख सामाजिक धोरणांचे अभ्यासक रिचर्ड टिटमस. दोघांचे अहवाल १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. मीड यांचा सूर फारच निराशेचा होता. एवढ्याशा बेटावर एवढी माणसं, एकच पीक, निरनिराळ्या समाजांमधले ताण, शांततेत प्रगती होण्याची शक्यता कमीच, असा एकूण सूर. टिटमस यांचं काम आरोग्य, कुटुंबनियोजन आणि सामाजिक सुरक्षा यांची घडी कशी बसवायची यावर होतं.

देश स्वतंत्र झाला १२ मार्च १९६८ ला. मीडसाहेबांचं भाकीत चुकलं. ते का चुकलं यावर अर्थशास्त्रज्ञांनी ढीगभर लिहिलंय. १९७० पासूनचं निर्यात क्षेत्र, कपड्यांचे कारखाने, १९७५ च्या करारामुळे युरोपात साखरेला मिळालेला हमीभाव, नंतर पर्यटन आणि बँकिंग. हे सगळं खरं. पण त्यासोबत सामाजिक सेवांची एक साधी उतरंडही उभी राहिली, तिच्याबद्दल आपल्याकडे कोणी फारसं बोलत नाही.

ती उतरंड अशी.

सगळ्यात खाली सर्वांसाठीचा पाया. वृद्धांना पेन्शन, विधवांना पेन्शन, अपंगांना पेन्शन, अनाथ मुलांना पेन्शन. हे सगळं सरकारच्या सर्वसाधारण करांतून. तुम्ही कधी हप्ता भरला होता का, नोकरी पक्की होती का, असं कोणी विचारत नाही. नागरिकासाठी अट एवढीच की वयाच्या अठरानंतर किमान बारा वर्षं देशात राहिलेले असा. सरकारी दवाखाना आणि इस्पितळ मोफत. पाच मोठी विभागीय इस्पितळं आणि त्यांच्याखाली गावोगावची आरोग्य केंद्रं. त्यातल्या एका इस्पितळाचं नाव जवाहरलाल नेहरू आहे, रोझ बेल गावातलं. प्राथमिक शाळा मोफत होतीच. माध्यमिक शिक्षण १९७७ पासून मोफत. सरकारी संस्थांमधलं पदवी शिक्षण २०१९ पासून मोफत. २००५ पासून विद्यार्थ्यांना आणि ज्येष्ठांना बस मोफत.

त्याच्यावर दुसरा थर, ज्याने पगारातून कापून दिलं त्याचा. १९७६ च्या कायद्याने राष्ट्रीय पेन्शन फंड आला. २०२० मध्ये तो बाजूला सारून नवीन अंशदान पद्धत आणली. पायाचं पेन्शन प्रत्येकाला मिळतंच, हे त्याच्या वर.

आणि तिसरा थर, फक्त गरिबांसाठी. त्यासाठी सामाजिक नोंदवही आहे. ज्यांची परिस्थिती खरोखर हलाखीची आहे, त्या कुटुंबांना त्या नोंदीवरून वेगळी मासिक मदत मिळते. २०१६ मध्ये त्याचा स्वतंत्र कायदाही केला.

आता आपल्याकडचा फरक बघा. गरिबी तपासणं तिथेही आहे. पण ते वरच्या थरात, जादा मदतीसाठी. तपासणीत चूक झाली, एखादं नाव गळलं, तरी म्हाताऱ्या माणसाचं मूळ पेन्शन हलत नाही. आपल्याकडे तपासणी हाच पाया. नाव गळलं की थेट जमिनीवर.

"सगळ्यांना कशाला? श्रीमंतांना कशाला पेन्शन?" हा प्रश्न येणारच. मलाही वर्षानुवर्षं तोच पडायचा. त्याला माझी तीन उत्तरं आहेत.

पहिलं, गरीब शोधण्याचा खर्च. दाखला देणारा, तपासणारा, समितीत बसणारा, त्रुटी काढणारा, त्रुटी दूर करून देणारा एजंट आणि या सगळ्यांच्या चकरा मारणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी. हा खर्च कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाही, कारण त्यातला मोठा वाटा गरीबच भरतो. श्रीमंताला दिलेले पैसे आयकरातून परत घेता येतात, त्याची यंत्रणा तयार आहे. मावशीच्या मारलेल्या चकरा तिला कोण परत देणार?

दुसरं, खोटेपणा. एकवीस हजारांची अट ठेवली की एकवीस हजारांचे दाखले तयार होतात. जो प्रामाणिकपणे तीस हजार लिहितो तो बाहेर, ज्याची ओळख आहे तो आत. गरिबीच्या नावाने नियम लावायचा आणि निवड मात्र ओळखीवर.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. जी गोष्ट सगळ्यांची असते, तिच्यासाठी सगळे भांडतात. मॉरिशसचा इतिहासच बघा. मे १९७५ मध्ये तिथले शाळा-कॉलेजचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पुढच्याच वर्षी निवडणूक होती आणि मतदानाचं वयही २१ वरून १८ वर आलं होतं. सरकारने माध्यमिक शिक्षण मोफत करण्याची घोषणा केली आणि जानेवारी १९७७ पासून ते झालंसुद्धा. २००४ मध्ये तेव्हाच्या सरकारने ठरवलं की चांगलं उत्पन्न असलेल्या वृद्धांना हे पेन्शन द्यायचं नाही. ऐकायला किती न्याय्य! पण लोकांना ते पटलं नाही. २००५ च्या निवडणुकीत सरकार गेलं आणि नवीन सरकारने ती अट काढून टाकली. त्या नवीन सरकारचे पंतप्रधान होते नवीन रामगुलाम. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आता मॉरिशस म्हणजे स्वर्ग असं चित्र उभं करायचं असेल तर पोस्ट इथेच संपवता येईल. पण तसं केलं तर मीही तुमच्याकडून एकवीस हजारांच्या दाखल्यावर सही घेतोय असं होईल.

तिथल्या सरकारी इस्पितळांत रांगा आहेत, ज्याच्या खिशात पैसा आहे तो खासगी क्लिनिकमध्ये जातो. शाळा मोफत, पण खासगी शिकवण्यांचं वेड आपल्या लातूर-कोट्याला लाजवेल असं. क्रेओल समाज, म्हणजे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, त्यांच्यातले बरेच लोक या प्रगतीत मागे राहिले. १९९९ मध्ये काया हा लोकप्रिय गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि देशभर दंगली झाल्या, तेव्हा त्या मागे राहण्याचा राग बाहेर आला. रॉड्रिग्ज नावाचं त्यांचं दुसरं बेट आजही मुख्य बेटापेक्षा गरीब आहे. सर्वांना पेन्शन दिलं म्हणजे सगळं समान होतं असं नाही.

आणि पेन्शनचंच जे झालं ते तर आपण नीट समजून घ्यायला हवं.

२०१४ च्या निवडणुकीत एका आघाडीने आश्वासन दिलं, पेन्शन ५,००० करू. तेव्हा ते साडेतीन हजारांच्या थोडं वर होतं. ते निवडून आले, त्यांनी केलं. २०१९ मध्ये आणखी मोठं आश्वासन, पाच वर्षांत १३,५०० वर नेऊ. पुन्हा निवडून आले, २०२० च्या जानेवारीत ९,००० केलं आणि वाढवत नेलं. २०२५ पर्यंत आकडा १५,००० मॉरिशस रुपयांपर्यंत पोचला. आपल्या पैशांत पंचवीस हजारांच्या वर, तिथल्या किमान वेतनाच्या जवळ जाणारी रक्कम. म्हाताऱ्या माणसाला चांगले पैसे मिळाले याचं मला दुःख नाही. पण हे पैसे येणार कुठून, कोणाचा कर वाढणार, हे कोणत्याच सभेत कोणी सांगितलं नाही. दरम्यान एका बाईमागे सहा मुलं असलेला देश दीड मुलाच्याही खाली आला. जवळजवळ पाचातला एक माणूस साठीच्या पुढे गेला. सार्वजनिक कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या ९० टक्क्यांच्या आसपास पोचलं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडणूक झाली. सत्ताधाऱ्यांचा पार धुव्वा उडाला, मुख्य बेटावरच्या सगळ्या ६० थेट जागा मिळूनच्या मिळून विरोधकांना. असं काही मतदान क्वचित बघायला मिळतं. आणि पंतप्रधान झाले पुन्हा तेच, नवीन रामगुलाम. जून २०२५ मध्ये त्यांनी अर्थसंकल्प मांडला आणि त्यात जाहीर केलं की पेन्शनचं वय टप्प्याटप्प्याने ६० वरून ६५ करणार.

२००५ मध्ये ज्यांनी सर्वांचं पेन्शन वाचवलं, त्यांनीच २०२५ मध्ये त्याला पाच वर्षांची कात्री लावली. लोक खवळले. कामगार संघटना रस्त्यावर आल्या. सरकारला साठ ते पासष्टच्या दरम्यानच्या गरजूंसाठी वेगळी मदत जाहीर करावी लागली.

सरकारचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. निवृत्तीचं वय तिथे आधीच ६५ आहे, म्हणजे काही लोक पगारही घेतात आणि पेन्शनही. तरीही मला हा निर्णय चुकीचा वाटतो. वय वाढवणं सगळ्यांना सारखं दिसतं, पण लागतं वेगवेगळं. बँकेत एसीत बसणारा पासष्टीपर्यंत आरामात काम करेल. पंधराव्या वर्षापासून ऊस तोडणाऱ्याचे किंवा मासेमारी करणाऱ्याचे गुडघे पंचावन्नलाच गेलेले असतात. पैसेच वाचवायचे होते तर ज्यांचा पगार चालू आहे त्यांच्याकडून करातून परत घ्यायचे. आणि मुळात निवडणुकीच्या लिलावात आकडा चढवताना थांबायचं. दरवर्षी महागाईप्रमाणे वाढेल असा कायदा केला असता, तर कोणालाच लिलाव करता आला नसता आणि आज कात्रीही लावावी लागली नसती.

आता परत आपल्या घरी या. कारण तारखांचा योगायोग बघण्यासारखा आहे. मॉरिशसची निवडणूक १० नोव्हेंबर २०२४ ला. महाराष्ट्राची २० नोव्हेंबर २०२४ ला. त्याआधी जुलैपासून आपल्याकडे लाडकी बहीण सुरू झाली होती. महिन्याला १,५००. प्रचारात २,१०० चं आश्वासन. निवडणुकीआधी अर्ज भराभर मंजूर, निवडणूक झाल्यावर पडताळणी, चारचाकी आहे का, दुसऱ्या योजनेचा लाभ घेता का, ई-केवायसी करा.

म्हणजे दोन्हीकडे निवडणुकीआधी हात सैल आणि नंतर आवळले. पण आवळण्याची पद्धत वेगळी आणि मला सगळ्यात जास्त तीच बोचते. मॉरिशसच्या पंतप्रधानाला आपलं तोंड दाखवून, संसदेत उभं राहून सांगावं लागलं की मी वय वाढवतोय. दुसऱ्या दिवशी सगळ्या देशाला ते कळलं, सगळ्यांना एकाच वेळी राग आला, सगळे एकत्र रस्त्यावर आले आणि सरकारला थोडं का होईना मागे यावं लागलं. माझ्या मावशीचं पेन्शन बंद झालं तेव्हा तिच्या वाडीत कोणालाच कळलं नाही. तिलाही वाटलं की आपलंच काहीतरी चुकलं. तिच्यासारख्या किती जणींचं त्या महिन्यात अडकलं असेल, पण प्रत्येक जण आपापल्या पासबुकासमोर एकटी. सगळ्यांसाठीचा नियम मोडायला सरकारला चौकात यावं लागतं. अटींवर दिलेली मदत थांबवायला एक रकाना पुरतो.

आणि आपल्या अटींमधली विसंगती तर बघा. लाडकी बहीण योजनेसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आणि वयाची ६५. मावशीच्या शेजारची वहिनी ६३ वर्षांची आहे, तिला मिळतात. दोन वर्षांनी ती ६५ पार करेल, योजनेबाहेर जाईल. मग तिने श्रावणबाळकडे यायचं. तिथे मर्यादा २१ हजार. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी अडीच लाखवाली बाई गरजू आणि पासष्टीनंतर बावीस हजारवाली बाई सधन. वय वाढलं की गरज वाढते, औषधं वाढतात, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आपला नियम नेमका उलटा चालतो. आणि वृद्ध पुरुष? त्याला तर लाडकी बहीणही नाही, थेट २१ हजार. केंद्राचा वाटा विचाराल तर इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत ८० वर्षांखालच्या माणसाला महिन्याला २०० रुपये. दहा वर्षांहून जास्त काळ तेवढेच. दोनशे रुपयांत महिनाभराच्या बीपीच्या गोळ्याही येत नाहीत.

"मॉरिशस छोटा आहे, त्यांना जमतं. आपल्याला कुठून परवडणार?" ठीक, हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीवरचे लोक १ कोटी ११ लाखांच्या आसपास होते. आज ते दीड कोटी धरू. प्रत्येकाला, कुठलीही अट न घालता, महिन्याला १,५०० दिले तर वर्षाला २७,००० कोटी होतात. लाडकी बहीण योजनेसाठी २०२४-२५ मध्ये तरतूद केली होती ४६,००० कोटींची आणि २०२५-२६ मध्ये ३६,००० कोटींची. म्हणजे परवडत नाही हा मुद्दाच नाही. निवडणूक असली की परवडतं. शिवाय सरकारी पेन्शनर आणि आयकर भरणारे यांच्या याद्या सरकारकडे आयत्या आहेत. त्यांना वगळायचं असेल तर खुशाल वगळा, त्यासाठी मावशीला तहसीलची पायरी चढायला लावू नका. सुरुवात ७० पासून करा, मग ६५, मग ६०. पण नियम एका ओळीचा ठेवा.

छोटेपणाचं म्हणाल तर छोटा देश असणं ही काही चैन नाही. एका वादळात सगळं पीक जातं, तांदळापासून डिझेलपर्यंत सगळं जहाजाने आणावं लागतं. उलट आपल्या बहुतेक जिल्ह्यांची लोकसंख्या त्यांच्या देशापेक्षा मोठी आहे. त्यांना एक फायदा मात्र नक्की झाला. सैन्यच नाही, बंदोबस्ताला पोलीस आणि त्यांचंच एक निमलष्करी दल. तो खर्च वाचला. पण आपल्यातही सैन्याचा खर्च राज्य सरकार करत नाही, तेव्हा महाराष्ट्राने ती सबब सांगू नये.

मॉरिशसकडून मी दोन गोष्टी घ्याव्यात म्हणतो. म्हातारपणाला दाखला लागू नये, ही त्यांनी १९५८ मध्ये शिकवलेली. आणि सभेत आकडा ओरडताना तो कोणाच्या करातून येणार हेही सांगावं, ही २०२५ मध्ये त्यांनी स्वतः ठेच खाऊन शिकलेली. पहिली घेतली आणि दुसरी विसरली तर आपणही दहा वर्षांनी त्याच ठिकाणी उभे असू, फक्त आपली संख्या त्यांच्या शंभरपट असेल.

मावशीचं पेन्शन आता परत सुरू झालंय. थकलेले चारपैकी तीन महिने जमा झाले, चौथ्याचं काय झालं ते अजून विचारतोय. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. तब्येतीचं वगैरे झाल्यावर जरा घुटमळली आणि म्हणाली, "पुढच्या खेपेला दाखल्यावर किती लिहायचं रे? तेवढेच की आणखी कमी?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही दिलं असतंत तर काय दिलं असतंत?